भाजल्यावरची मलमं आणि पट्ट्या: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

पोळी-भाजी केंद्रात भाजणं रोजचंच. तव्याची कड लागते, कुकरची वाफ येते, चकली तळताना तेल उडतं. गणपतीच्या आधीपासून होळीच्या पुरणपोळ्यांपर्यंत आमच्याकडे भाजण्यावरची बरीच मलमं आणि पट्ट्या वापरून झाल्या, माझ्या हातांवर आणि कामाला येणाऱ्या ताईंच्याही. आता माझं मत पक्कं झालंय. लावताना किती गार वाटतं यावर औषध जोखू नका. दुसऱ्या दिवशी ते काढताना किती दुखतं ते बघा. भाजलेल्याचे खरे हाल पट्टी बदलताना होतात.

मलमाच्याही आधी पाणी. नळाचं साधं, वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ अजिबात नाही, त्याने पोळलेल्या त्वचेला आणखी इजा होते. समोर ऑर्डर पडलेली असताना २० मिनिटं नळाखाली उभं राहणं जिवावर येतं, म्हणून आम्ही नियमच केलाय: जिला भाजलं तिचा गॅस दुसरीने बंद करायचा आणि तिला मोरीवर पाठवायचं. बांगड्या, अंगठी तेव्हाच काढायची, कारण सूज आल्यावर निघत नाही. लगेच जमलं नाही तर भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो. आग कमी करण्यात याच्या जवळपास जाईल असं एकही मलम मला मिळालेलं नाही.

घराघरात असतं ते पिवळं मलम किरकोळ चटक्याला, कातडी शाबूत असेल तर, ठीक आहे. त्याचा पिवळा रंग अ‍ॅमिनाक्रिन या जंतुनाशकाचा. अडचणही त्या रंगाचीच: खालची त्वचा लाल आहे की पांढरी पडलीय, हे डॉक्टरांना कळत नाही. हळद, टूथपेस्ट, शाई यांचंही तेच, वर ते खरवडून काढायचा त्रास वेगळा.

दिवाळीच्या फराळात माझ्या मनगटाच्या वर तेल उडालं आणि आलेला फोड फुटला. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीम लिहून दिलं. हे औषध १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी आणलं आणि कितीतरी वर्षं जगभरच्या बर्न वॉर्डांत तेच मुख्य होतं. लावताना खरंच थंडावा मिळतो. पण रोज जुना थर धुवून नवा लावायचा असतो, आणि तो जखमेवर सायीसारखा धरून बसतो. ओल्या जखमेवरून तो पुसताना डोळ्यांतून पाणी यायचं. उथळ भाजण्यात नव्या प्रकारच्या पट्ट्यांपेक्षा या क्रीमने जखम सावकाश भरते, असं पुढच्या अभ्यासांत दिसलंय. जंतुसंसर्गाची भीती असेल तर डॉक्टर ते देतात आणि तेव्हा ते वापरावंच, पण प्रत्येक फोडावर स्वतःच्या मनाने चोपडायची ही वस्तू नव्हे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना, दिवस भरत आलेल्या बाईला आणि तान्ह्या बाळाला तर नकोच.

त्यानंतर आमच्या पेटीत आला पॅराफिन गॉज, म्हणजे व्हॅसलीनसारख्या मेणात भिजवलेली जाळी. तिचे दोन थर जखमेवर, वर साधा गॉज आणि सैल बँडेज. जखम झाकल्याबरोबर हवा लागायची थांबते आणि चरचर उतरते. काढताना जाळी घसरत निघते, नवी कातडी सोलून येत नाही. फार दिवस तशीच ठेवली तर सुकते आणि मग चिकटतेच, म्हणून सांगितलेल्या दिवशी बदलायची. बदलण्याआधी अर्धा-पाऊण तास पॅरासिटामॉल घेतली की मोठा फरक पडतो. ही साधी गोष्ट प्रत्येक ड्रेसिंगवाल्याने आपणहून सांगायला हवी.

न चिकटणं किती मोलाचं आहे, हे मुंबईच्या डॉक्टरांनी फार आधी ओळखलं होतं. डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात वाडिया रुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून भाजलेल्या मुलांसाठी पट्ट्या केल्या. पुढे शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं. पानाचा पृष्ठभाग मेणचट, गुळगुळीत, त्यामुळे ते जखमेवरून अलगद सुटतं, आणि खर्च नगण्य. आपण ज्या पानावर जेवतो त्याने इतक्यांच्या वेदना कमी झाल्या, हे वाचून मला फार अभिमान वाटला. अर्थात ती पानं आणि साली निर्जंतुक केलेल्या असत; बाजारातलं पान आणून थेट जखमेवर बांधायचं नाही. मधाचंही तसंच. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली मधाची तुलना सिल्व्हर सल्फाडायझिनशी केली होती आणि मध सरस ठरला होता, पण त्यावरून स्वयंपाकाची मधाची बाटली उघड्या जखमेवर ओतू नये.

कोरफड जेल वरवरच्या लालीला बरं वाटतं. ताजं पान कापलं तर आधी निघणारा पिवळा चीक वाहून जाऊ द्या, तो झोंबतो. बधिर करणारं लिग्नोकेन जेल मात्र पेटीतून काढून टाकलंय. सोललेल्या त्वचेतून औषध रक्तात जास्त जातं.

आणि एक सांगते, वेदना कमी म्हणजे जखम हलकी, असं धरू नका. खोल भाजलं की मज्जातंतूंची टोकंच जळतात आणि दुखतच नाही. पांढरी किंवा काळपट, न दुखणारी जखम, आपल्या तळहातापेक्षा मोठा भाग, चेहरा, सांधे, किंवा लहान मूल असेल तर मलमाची ट्यूब शोधत बसायचं नाही, पाण्याखाली धरून झालं की दवाखाना. मोठं भाजलं असेल तर १०८ला फोन. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

जखम भरल्यावर खाज सुटते, आणि ती कधीकधी दुखण्यापेक्षा छळते. नव्या त्वचेत तेलग्रंथी नीट काम करत नाहीत, ती कोरडी पडते. पूर्ण भरलेल्या जागी दिवसातून दोन-तीनदा खोबरेल किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर चोळते, उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालते. माझ्या हातावरचा डाग अजून गुलाबीच आहे, पण खाज आता रात्री उठवत नाही.