पायी जायची शाळा की बसची शाळा?

पुणे, नाशिक किंवा नागपूरहून बदली होऊन मुंबईत आलेल्या मराठी घरापुढे पहिली ते चौथीच्या मुलासाठी शेवटी बहुधा दोनच पर्याय उरतात. एक, घरापासून दहा-बारा मिनिटांवरची अनुदानित मराठी शाळा, सेमी-इंग्रजी. दुसरा, तीन-चार स्टेशनं पलीकडची, बसने जायची सीबीएसई शाळा. आम्ही दोन्ही पाहून पहिली घेतली, त्यामुळे पारडं थोडं झुकलेलं असणार हे धरूनच पुढचं वाचा.

फीबद्दल फार लिहीत नाही, तो फरक सर्वांना माहीत आहे. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेला फीचा तक्ता मात्र मागून घ्या. बस, पुस्तकं आणि सहलींचे पैसे वेगळे लिहून मागा, कारण तोंडी आकड्यात ते सहसा नसतात.

अभ्यासक्रमाचा बाऊ या वयात थोडा जास्तच होतो, असं मला वाटतं. खरी अडचण कॅलेंडरची. सीबीएसईचं वर्ष साधारण एप्रिलपासून सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मेअखेरीस सामान हलवलंत तर बसच्या शाळेत काही आठवडे आधीच बुडालेले असतात. दुसरी-तिसरीत ते भरून निघतं, पण पहिले दोन महिने संध्याकाळी वह्या पूर्ण करण्यात जातात. मूल आधी राज्य मंडळातच असेल तर बालभारतीची तीच पुस्तकं पुढे चालू राहतात. मराठी म्हणाल, तर 2020च्या कायद्याने ती सगळ्याच मंडळांच्या शाळांना सक्तीची झाली आहे. तरी तासाची मराठी वेगळी आणि डबा खाताना बोलायची वेगळी.

कागदांच्या बाबतीत पायी जायची शाळा उजवी ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मधला शाळा बदलण्याचा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे, विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या आहेत. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. शिवाय शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर ठरत असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये आलेलं मूलही तिला हवंच असतं. गाडं अडतं ते ऑनलाइन बदलीत. नवी शाळा सरल या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदणी प्रणालीवर विनंती पाठवते आणि जुन्या शाळेने ती आपल्या लॉगिनवरून स्वीकारायची असते. मे महिन्यात जुन्या शाळेत लॉगिन उघडायला कोणी नसतं. म्हणून एप्रिलमध्येच दाखला घेताना दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. परराज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा.

आता बस. आमचा निर्णय झाला तो हिच्यामुळे.

शाळा साडेसातला भरत असेल तर बस सव्वासातला फाटकाशी लागते. तुम्ही मार्गाच्या टोकाला राहात असाल तर पहिला थांबा सव्वासहाचा. बस गल्लीत शिरत नाही, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, म्हणून मुलाला घेऊन नाक्यावर पाच मिनिटं आधी. म्हणजे उठायचं सव्वापाचला. इतक्या पहाटे पोटात कपभर दुधापलीकडे काही जात नाही आणि डब्याची सुट्टी साडेनऊला. दुपारी उलटा हिशेब: सकाळी जो पहिला चढतो तो शेवटी उतरतो. मोबाइलवरचा नकाशा पंचवीस मिनिटं दाखवतो, पण त्याला थांबे ठाऊक नसतात. माझ्या अंदाजाने त्या आकड्याची दुप्पट धरावी, आणि रेल्वे ओलांडून पूर्व-पश्चिम करायची असेल तर त्याहून जास्त. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला, त्याची एक बाजू उघडायला फेब्रुवारी 2024 उजाडला. तेवढ्यात एखाद्या मुलाची पहिली संपून दुसरीही संपत आली. जोराच्या पावसात अंधेरी सबवे बंद होतो तेव्हा बस कुठे अडकली आहे हे फक्त बसमधल्या मदतनीस ताईंच्या फोनवरून कळतं, तोही लागला तर.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला. पण एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन पाळ्या भरवणाऱ्या शाळांना तो पाळणं जड जातं. म्हणून 'शाळा किती वाजता?' असं विचारू नका. 'आमचा थांबा कितवा, बस तिथे किती वाजता, आणि दुपारी किती वाजता सोडते?' असं विचारा. बस बहुतेकदा ठेकेदाराची असते, त्यामुळे ती बंद पडली तर पर्याय काय आणि मध्येच सोडली तर पैसे परत मिळतात का, हेही. बसमध्ये महिला मदतनीस आहे का, ते फाटकाबाहेर उभं राहून स्वतः बघा.

पायी जायच्या शाळेत सगळं आलबेल असतं असं नाही. पट घसरला की दोन वर्ग एका खोलीत बसतात, निवडणुकीच्या कामाला शिक्षक जातात. पहिलीच्या गेल्या तीन वर्षांच्या पटाचे आकडे विचारा, ते दर वर्षी उतरत असतील तर जरा थांबा. सेमी-इंग्रजीचा खरेपणा फलकावर कळत नाही. तिसरीतल्या कुणाची गणिताची वही मागा. शाब्दिक उदाहरणं इंग्रजीत मांडून सोडवलेली असली तर ठीक, नुसते आकडे असले तर तास मराठीतच होतो आहे. बऱ्याच संस्थांत प्राथमिक विभाग चौथीला संपतो. पाचवीला त्याच संस्थेच्या माध्यमिकात आपोआप नाव जातं का, आणि ती इमारत कुठे, हे आधी विचारलेलं बरं. कधीकधी ती रेल्वेच्या पलीकडे निघते.

मूल आधीच सीबीएसईत असेल आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली ठरलेली असेल, तर बसची शाळा घ्या, मी अडवणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी एका सोमवारी त्याच वेळी, त्याच मार्गाने मुलाला घेऊन जा. शक्यतो पावसात.