हयातीचा दाखला: बँक, मोबाइल की पोस्टमन?

पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यावा लागणारा आई-बाबांचा हयातीचा दाखला यंदा कुठून द्यायचा, हे ठरवताना आधी एवढंच बघा की फोनवर त्यांचा हात कितपत बसला आहे.

बँकेत रांग असते, पण समोर माणूस असतो. फॉर्म भरून सही केली की झालं. ओटीपीची भानगड नाही. शाखा जवळ असेल आणि पाय चालते असतील तर खुशाल जाऊ द्या, त्यात मागासलेपण काही नाही. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणजे सगळे दाखला द्यायला येतात ती नोव्हेंबरची गर्दी टळते.

मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१ मध्ये आली. घरबसल्या आणि फुकट. पण त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन ॲप लागतात, आणि दुसऱ्या ॲपचं चिन्ह स्क्रीनवर दिसतच नाही. ते आतल्या आत चालतं. म्हातारं माणूस ‘आलंच नाही’ म्हणून पुन्हापुन्हा शोधत बसतं. त्यानंतर आधी ‘ऑपरेटर’चा, म्हणजे ॲप हाताळणाऱ्याचा चेहरा, मग पेन्शनधारकाचा, मध्ये ओटीपी, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, आणि थरथरत्या हातात फोन धरून डोळ्यांची उघडझाप. यात अडखळणाऱ्याला ‘तुम्हाला जमत नाही’ म्हणणं अन्याय आहे. ही रचनाच त्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली नाही. मात्र ऑपरेटर तुम्ही होऊ शकता. तुमच्याच फोनवरून आई, बाबा, शेजारचे काका, सगळ्यांचे दाखले निघतात. त्यांनी फक्त उजेडात बसायचं. घरात असं कोणी असेल तर माझं मत या पर्यायाला.

एकटे राहणाऱ्यांसाठी किंवा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमनच बरा. तो घरी येऊन दाखला काढून देतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा २०२० पासून आहे, शुल्क ७० रुपये. जवळच्या पोस्टात सांगून ठेवा. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून करायला सांगा.

ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून (ईपीएफओ) मिळणारी पेन्शन असेल तर नोव्हेंबरची घाईच नको. दाखला वर्षभरात कधीही देता येतो आणि दिल्यापासून एक वर्ष चालतो.

मोबाइल किंवा पोस्टमन निवडलात तर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा मेसेज आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पीपीओ किंवा खाते क्रमांक चुकला असेल तर दाखला नाकारला जातो. काही दिवसांनी बँकेत चौकशी करा. आणि ‘दाखला अपडेट करतो’ म्हणून फोनवर कोणी ओटीपी मागितला तर सांगायचा नाही, हे त्यांना आजच बजावून ठेवा.