शेळीच्या दुधात गायीचं दूध: पट्टी घ्यावी की पीसीआर करावी?

शेळीचं दूध विकत घेऊन चीज करणाऱ्याला भेसळीचा प्रश्न आज ना उद्या गाठतोच. उस्मानाबादी असो वा संगमनेरी, शेळी दूध देते थोडंसं, आणि भाव मात्र गायीपेक्षा चढा. फॅट-एसएनएफच्या (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक मोजणाऱ्या) मशिनवर ही भेसळ सापडत नाही, कारण दोघींचे आकडे एकमेकांत मिसळतात. शेळीच्या दुधात कॅरोटीन जवळपास नसतं म्हणून ते पांढरंशुभ्र दिसतं, हे खरं. पण थोडं गायीचं दूध पडलं तर येणारी पिवळट झाक डोळ्यांना जाणवत नाही. कॅप्रिक आम्ल (शेळीच्या दुधात जास्त असणारं एक स्निग्धाम्ल) मोजणारी क्रोमॅटोग्राफी (घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) मी लवकरच बाजूला ठेवली. चारा बदलला, वेत पुढे सरकलं, की ते प्रमाणही हलतं.

उरतात अँटिबॉडीची पट्टी (गायीचं ठरावीक प्रथिन असलं की रेघ उमटवणारी) आणि पीसीआर (डीएनएची प्रयोगशाळेतली चाचणी).

पीसीआरची ताकद वादातीत आहे. दुधातल्या पेशींमधला डीएनए पकडायचा, त्यामुळे कोणत्या जनावराचा अंश आहे हे ती नेमकं सांगते. पाश्चराइझ केलेल्या दुधातही चालते, चीजमध्येही. पण माझं घोडं अडलं ते प्रमाणावर. प्रयोगशाळेतून अहवाल यायचा: ‘गायीचा डीएनए आढळला.’ आढळला म्हणजे किती? ज्या पशुपालकाच्या दारात दोन शेळ्यांशेजारी एक गायही बांधलेली असते, त्याची किटली नीट विसळली गेली नाही तरी अंश सापडणार. त्यावरून त्या माणसाला लबाड म्हणायचं का? मला ते जमेना. मोजणारी पीसीआर आहे, पण तिचाही पाया पेशींवरच. गायीला दगडी (कासेची सूज) झाली की दुधात पेशी भराभर वाढतात, आणि तिचं कपभर दूध निरोगी गायीच्या कितीतरी जास्त दुधासारखं दिसू शकतं. शिवाय अहवाल येईपर्यंत दुधाचं चीज होऊन गेलेलं असतं.

पट्टी त्या मानाने साधी आहे. दूध सांगितलेल्या प्रमाणात पातळ करायचं, पट्टी उभी करायची, काही मिनिटं थांबायचं. कंट्रोलची रेघ उमटलीच पाहिजे, नाहीतर ती पट्टी बाद. दुसरी रेघ उमटली तर गायीचं इम्युनोग्लोब्युलिन (दुधातलं एक प्रथिन) आहे. माझ्या अनुभवात विसळणीच्या अंशाला ती रेघ अगदी फिकी येते, आणि तांब्याने ओतलेल्या दुधाला ठसठशीत. हे मोजमाप नव्हे, पण कॅन उतरवताना पशुपालकासमोर पट्टी धरता येते आणि बोलणं तिथेच होतं. माझ्या दृष्टीने हाच मोठा फरक.

पट्टीच्याही मर्यादा आहेत. उकळलेल्या दुधात ही प्रथिनं बिघडतात, म्हणून तपासणी कच्च्या दुधाचीच करावी. नुकत्याच व्यायलेल्या गायीच्या चिकात इम्युनोग्लोब्युलिन भरमसाठ असतं, तेव्हा रेघ गरजेपेक्षा गडद येऊ शकते.

तयार चीजचा वाद असेल तर मी या दोन्हींपेक्षा आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगकडे (विद्युतभारावरून प्रथिनं वेगळी करण्याची पद्धत) जाईन. ती उष्णता सोसणाऱ्या केसीनवर (दुधातलं मुख्य प्रथिन) चालते. प्लाझ्मिन या विकराने (एन्झाइमने) केसीनचे तुकडे करून त्यातल्या गॅमा-केसीनचे जेलवर उमटणारे पट्टे बघतात, आणि शेजारी शून्य व 1 टक्का गायीच्या दुधाचे प्रमाण-नमुने लावतात. शेळी, मेंढी आणि म्हशीच्या चीजमधलं गायीचं दूध पकडायला युरोपीय संघाची हीच संदर्भ पद्धत आहे. म्हणजे ‘किती’चा थोडाफार हिशेब तिथे आहे. मात्र रोजच्या संकलनाला ती परवडणारी नाही.

कोणतं जनावर मिसळलंय हेच माहीत नसेल, किंवा प्रकरण कोर्टात जाणार असेल, तर पीसीआर जरूर करा. रोज सकाळी दूध घ्यायचं की परत करायचं एवढंच ठरवायचं असेल, तर मी पट्टीच घेईन. घेण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: ती म्हशीचं दूधही पकडते का, आणि किती टक्क्यांपासून रेघ देते. पहिली खेप छोटी मागवा आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर काढलेल्या धारेत थोडंथोडं गायीचं दूध मिसळून रेघ कशी गडद होत जाते ते आधी बघून ठेवा.