नुसता नंबर काढायचा की डोळे पूर्ण तपासून घ्यायचे?

‘परवाच डोळे तपासून आलो’ असं कुणी म्हणालं की मी हल्ली विचारते, बाहुली मोठी करणारे थेंब घातले होते का? ‘नाही’ म्हणाले तर बहुतेक वेळा नुसता नंबर काढलेला असतो. त्यात चूक काही नाही. पण या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. एकीत तुम्हाला किती दिसतं ते कळतं, दुसरीत डोळ्याची तब्येत कशी आहे ते.

नंबर काढायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी मशीनवर हनुवटी टेकवायची, आत एक चित्र दिसतं. बऱ्याच मशीनमध्ये लांबलचक रस्ता आणि त्याच्या टोकाला फुगा असतो. तो मुद्दाम धूसर होतो, कारण डोळ्याला लांबचं बघतोय असं वाटून तो सैलावायला हवा. ताणलेल्या डोळ्याचा मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. मशीनचा आकडा म्हणजे फक्त अंदाज. खरा नंबर ठरतो तो समोरच्या तक्त्यावर, भिंगं बदलत.

‘हे बरं की हे?’ या प्रश्नाला पुष्कळजण परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात. दोन्ही सारखंच दिसत असेल तर ‘सारखंच’ म्हणावं. तपासणाऱ्याला बऱ्याचदा तेच ऐकायचं असतं, कारण नंबर तिथेच कुठेतरी थांबतो. मग लाल-हिरवी पाटी येते. लालवरची अक्षरं जास्त ठळक दिसली तर मायनस अजून थोडा लागणार, हिरव्यावरची दिसली तर तो जास्त झालाय. अक्षरांचा तक्ता स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञांनी 1862 साली काढला, आणि 6/6, 6/12 ही भाषा त्याच पद्धतीतली. 6/12 म्हणजे निरोगी नजरेला जे बारा मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं.

अडचण अशी की 6/6 आलं की आपण निर्धास्त होतो. काचबिंदू दुखत नाही, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात आधी कडेची नजर जाते. मधली नजर बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे माणूस तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतो. मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) होणाऱ्या बदलांचंही सुरुवातीला असंच असतं. नंबर काढताना हे दिसणार नाही, कारण तिथे डोळ्याच्या आत कुणी पाहतच नाही.

संपूर्ण तपासणीला तास-दीड तास हाताशी ठेवा. त्यात नंबर असतोच, शिवाय आधी प्रश्न विचारतात: शुगर, बीपी, घरात कुणाला काचबिंदू, कोणती औषधं चालू आहेत. औषधांचा प्रश्न उगाच नसतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलं तर मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्याचा दाबही वाढू शकतो. मग स्लिट लॅम्प, म्हणजे प्रकाशाची बारीक उभी फट पाडणारी दुर्बीण. तिच्यातून पापण्या, बुबुळाचा पारदर्शक पडदा आणि आतली नैसर्गिक लेन्स डॉक्टर थर उलगडावेत तशी बघतात. मोतीबिंदूची सुरुवात तिथेच दिसते.

दाब मोजायच्या दोन पद्धती. एकीत हवेची फुंकर बसते. माहीत असूनही माणूस दचकतोच. दुसरीत डोळा बधिर करणारा थेंब, पिवळा रंग आणि निळ्या दिव्याचं टोक अलगद बुबुळाला टेकतं. वाचताना भयंकर वाटतं, पण दुखत नाही, आणि नेमकेपणात हीच पद्धत सरस मानतात. सर्वसाधारण दाब 10 ते 21 असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पण दाब 16 असूनही काचबिंदू असू शकतो, आणि बुबुळाचा तो पारदर्शक पडदा जाड असेल तर आकडा उगाच जास्त दिसतो. म्हणून दाबासोबत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसही बघावी लागते, आणि शंका आली तर कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट.

आता थेंब. निर्णय खरा इथे अडतो, कारण अर्धा दिवस जातो. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, गडद बुबुळांना कधी जास्त. असर साधारण चार ते सहा तास राहतो, काहींना दुसऱ्या दिवसापर्यंतही. मी पहिल्यांदा थेंब घातले तेव्हा मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर आले तर ऊन सहन होईना, आणि न्यायला या म्हणून फोन करावा तर स्क्रीनवरची नावं वाचता येईनात. हात पूर्ण लांब करूनही नाही. शेवटी एका अनोळखी मुलीकडून नंबर लावून घेतला. म्हणून सोबत कुणीतरी हवं, गॉगल हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

थेंबांऐवजी पडद्याचा फोटो काढू का, असं आता बऱ्याच ठिकाणी विचारतात. साधा कॅमेरा 45 अंशांच्या आसपासचा भाग टिपतो, वाइड-फील्ड कॅमेरा एका फोटोत 200 अंशांपर्यंत. फोटोची मोठी सोय म्हणजे तो जपून ठेवता येतो, पुढच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघता येतो. पण तो सपाट असतो. डॉक्टर दोन्ही डोळ्यांनी बघतात तेव्हा नसेचा खोलगटपणा कळतो, पडद्याची अगदी कडेची बारीक चीरही शोधता येते. माझं मत: पहिली संपूर्ण तपासणी थेंब घालूनच करावी. नंतर, सगळं ठीक असेल तर, एखाद्या वर्षी फोटोवर भागवायला हरकत नाही. मोठा मायनस नंबर असेल तर मात्र थेंबच, कारण अशा डोळ्यात पडदा कडेला पातळ असतो.

विशी-तिशीत असाल, कुठला आजार नाही, मागे एकदा पूर्ण तपासणी झालीय आणि लांबचं धूसर दिसतंय एवढीच तक्रार असेल, तर नुसता नंबर काढा. चाळिशी लागली की मात्र एकदा पूर्ण तपासून घ्यावं. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही तिथल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही तक्रार नसली तरी चाळीसाव्या वर्षी ते सुचवते, आणि पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झालं की लगेच, टाइप 1 असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि पुढे साधारणपणे दरवर्षी. शुगर वरखाली होत असताना नवा चष्मा करायची घाई नको: तेव्हा डोळ्यातली लेन्स फुगते, नंबर सरकतो, आणि शुगर आटोक्यात आली की तो चष्मा निकामी ठरतो.

लहान मुलांचा नुसता मशीनवरचा नंबर मला पटत नाही. मुलांचे डोळे इतक्या जोरात ताण घेतात की आकडा फसवतो, म्हणून त्यांना ताण सैल करणारे वेगळे थेंब घालून नंबर काढतात.

आणि डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके तरंगायला लागले किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं, तर यातलं काही निवडत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.

जाताना जुना चष्मा आणि औषधांची यादी न्या. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायची डबी विसरू नका, त्या पिवळ्या रंगाने मऊ लेन्स रंगून बसते. आणि निघताना फक्त नंबरची चिठ्ठी घेऊ नका, दोन्ही डोळ्यांचा दाबही लिहून मागा. पुढच्या खेपेला डॉक्टर बदलले तरी तो आकडा तुमच्याकडे राहतो.