एलसॅटचं ‘स्कोअर प्रिव्ह्यू’: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट ही प्रवेश परीक्षा देणाऱ्यांना, ती घेणारी संस्था एलसॅक ‘स्कोअर प्रिव्ह्यू’ नावाची जादा सेवा विकते. गुण आधी बघायचे, मग ते ठेवायचे की रद्द करायचे हे ६ दिवसांत ठरवायचं. या मुदतीत काहीच केलं नाही, तर गुण आपोआप नोंदीत जातात. परीक्षेआधी घेतली तर सेवा स्वस्त पडते, नंतर महाग. फी माफ झालेल्यांना ती फुकट आहे.

प्रिव्ह्यू नसेल आणि गुण रद्द करायचे असतील, तर ते आंधळेपणाने करावे लागतात आणि आपले गुण आपल्यालाही कधीच कळत नाहीत. ही चूक सर्वांत महागात पडते, कारण पेपर अवघड गेला ही भावना फसवी असते. चारपैकी एक विभाग गुणांत धरतच नाहीत, आणि बुडालेला विभाग नेमका तोच असू शकतो!

रद्द केलेला प्रयत्न पुसला जात नाही. कॉलेजला ‘रद्द’ अशी नोंद दिसते, प्रयत्नांच्या मर्यादेतही तो मोजला जातो (आयुष्यभरात ७). निर्णय मागे घेता येत नाही, फीही परत मिळत नाही.

बहुतेक कॉलेजं सर्वोच्च गुणांनाच वजन देतात. त्यामुळे सरावात १६५ येत असताना १६२ आले, तर ते ठेवाच. १५० आले असतील आणि पुन्हा बसायचं पक्कं असेल, तरच रद्द करण्यात अर्थ आहे. पहिल्यांदा बसणाऱ्यांनी सेवा जरूर घ्यावी. आधीचे चांगले गुण हाती असतील, तर पैसे वाचवा.