ओर्तिजियातलं त्रिनाक्रियाचं दुकान

सिसिलीतल्या सिराक्यूजला गेलात तर ओर्तिजिया बेटावर, अरेथुसाच्या झऱ्यापासून दोन गल्ल्या आत असलेल्या छोट्या सिरॅमिकच्या दुकानात जाच. मी तिथून त्रिनाक्रियाची, म्हणजे सिसिलीच्या तीन पायांच्या चिन्हाची, हाती रंगवलेली फरशी घेतली.

मधे मेड्युसाचा, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या राक्षसीचा चेहरा, भोवती गुडघ्यात वाकलेले तीन पाय. दुकानातल्या काकूंनी सिसिलीचा नकाशा उघडून एकेका टोकावर बोट ठेवलं: पेलोरो, पास्सेरो, लिलिबेओ. तीन पाय म्हणजे बेटाची ही तीन टोकं. बऱ्याच चित्रांत केसांच्या सापांमध्ये गव्हाच्या ओंब्याही असतात, सुपीक जमिनीची खूण म्हणून. हेच चिन्ह 2000 सालापासून सिसिलीच्या लाल-पिवळ्या अधिकृत झेंड्यावर आहे. पर्सियस या ग्रीक वीराने मेड्युसाचं मुंडकं कापलं आणि पुढे ते अथेना देवीच्या ढालीवर बसलं. म्हणून तो भीषण चेहरा रक्षण करणारा मानतात. मला आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवलं.

काकूंनी अरेथुसाची गोष्टही सांगितली. अल्फियस नदीदेव मागे लागला, तेव्हा आर्टेमिस देवीने या अप्सरेचं पाणी केलं आणि ती ग्रीसमधून समुद्राखालून इथे येऊन उसळली. त्या झऱ्यात आज पपायरस हे लव्हाळ्यासारखं पाणगवत डोलतं. गोष्ट ऐकून झरा पुन्हा बघायला जाच.

किंमत रस्त्यावरच्या छापील मॅग्नेटांपेक्षा पुष्कळ जास्त, पण ब्रशचा हात दिसतो. पॅकिंग कच्चं आहे. जास्तीचा कागद मागून घ्या.