सीएनजी किट लावून चौदा महिने: तीनदा ट्युनिंग आणि एक चिकटलेला इंजेक्टर

आमची स्विफ्ट २०१४ ची, १.२ पेट्रोल. मागच्या वर्षी बाहेरून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलेंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट बसवलं, ६० लिटरची गॅसची बाटली, आरसीवर नोंद वगैरे सगळं रीतसर. आज चौदा महिने झाले, २१ हजार किलोमीटर. किटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भानगड किटची कमी आणि आमच्या सगळ्यांच्या घाईची जास्त होती.

पहिले चार महिने एकदम मस्त. सिंहगड रोड ते हिंजवडी रोजची रपेट, पेट्रोलवर शहरात १४ देणारी गाडी गॅसवर किलोला २१-२२ द्यायला लागली. डिकी गेली त्याचं बायकोने ऐकवलं, पण महिन्याचा हिशोब बघून तीही गप्प.

पाचव्या महिन्यात सुरू झालं. सिग्नलला उभी असताना गाडीला उचकी लागल्यासारखं, दर चार-पाच सेकंदांनी एक धक्, स्टिअरिंग थरथरायचं. सकाळी स्टार्ट केली (किट असलं तरी थंड गाडी पेट्रोलवरच सुरू होते, रिड्यूसरमधलं, म्हणजे गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागातलं, कूलंट तापलं की मग गॅसवर जाते) की कच्च्या पेट्रोलचा वास. आणि गावाला जाताना खंबाटकीच्या चढावर तर हद्द झाली, तिसऱ्या गिअरला पाय दाबलाय, गाडी पुढे सरकत नाही, मग बीप वाजून स्वतःच पेट्रोलवर गेली. आई मागून म्हणाली, "अरे थांबव, रडतीये ती."

किटवाल्या फिटरकडे गेलो. त्याने लॅपटॉप जोडला, "मॅप जरा लीन आहे साहेब, वाढवून देतो." मॅप म्हणजे गॅस किती सोडायचा त्याचा सॉफ्टवेअरमधला तक्ता, लीन म्हणजे इंधन कमी. ५०० रुपये. आठ दिवस बरी, परत तेच. परत गेलो, परत मॅप वाढवला. असं तीनदा. तिसऱ्या वेळी मात्र माझ्या डोक्यात आलं की ट्युनिंग काय आपोआप उतरतं का? सॉफ्टवेअरमधले आकडे रात्री उठून बदलत नाहीत ना, मग बदलतंय ते दुसरंच काहीतरी.

आता हे किट चालतं कसं ते कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही. गॅसच्या ईसीयूला, म्हणजे किटच्या कॉम्प्युटरला, स्वतःची अक्कल फार नसते. गाडीचा मूळ ईसीयू ठरवतो की पेट्रोल इंजेक्टर (इंधन फवारणारी तोटी) किती मिलिसेकंद उघडायचा, गॅसवाला तो सिग्नल मध्येच उचलतो, मॅपमधल्या आकड्याने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर म्हणाला की इंधन कमी पडतंय, तर मूळ ईसीयू वेळ वाढवतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम लगेच हलते, लाँग टर्म हळूहळू शिकते. म्हणजे गॅसची उधारी लिहिली जाते पेट्रोलच्या वहीत! सकाळचा तो वास त्याचाच, लाँग टर्म गॅसवर वाढून बसलेली आणि स्टार्ट पेट्रोलवर.

गाडीच्या ईसीयूतले हे आकडे वाचणारं ब्लूटूथचं स्कॅनर मागवलं, ते ईएलएम ३२७ वालं स्वस्तातलं, फोनवर ॲप. रविवारी पार्किंगमध्ये गाडी गरम करून पेट्रोलवर टाकली. लाँग टर्म +१९ टक्के, शॉर्ट टर्म -१६. दोन्हीची बेरीज बघायची असते, म्हणजे खरं तर +३ च. दोन दिवस निव्वळ पेट्रोलवर फिरवली तर लाँग टर्म +२ वर येऊन बसली, मिसिंग (सिलेंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) शून्य. म्हणजे इंजिन ठणठणीत. मग गॅसवर टाकली आणि शॉर्ट टर्म माझ्यासमोर चढत गेली, ८, १२, १८. तीनदा मॅप वाढवूनसुद्धा! आणि कोड आला पी ०३०३, तिसरा सिलेंडर मिस मारतोय.

एकच सिलेंडर मारत असेल तर चौघांचा मॅप वाढवून काय उपयोग, तीन जण पोटभर जेवणार आणि चौथा उपाशीच. शिवाय त्या सिलेंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन तसाच सेन्सरपाशी जातो, त्याला वाटतं लीन आहे, तो अजून मागतो.

पुढचं सगळं अदलाबदलीचं काम. तिसऱ्याची कॉइल (प्लगला स्पार्कसाठी वीज देणारी) पहिल्याला लावली, कोड तिसऱ्यावरच राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग काढले तर गॅप वाढलेला होता. सीएनजी पेटवायला स्पार्कला पेट्रोलपेक्षा जास्त जोर लागतो म्हणून नवीन प्लग ०.८ मिमी गॅप ठेवून टाकले, तर चढावरचे झटके बरेच कमी झाले पण गाडी उभी असतानाची उचकी तशीच. मग गॅस रेल, म्हणजे चारही गॅस इंजेक्टरची पट्टी. गॅसवर चालू असतानाच बाटलीचा कॉक बंद केला, पाइपातला गॅस संपून ती पेट्रोलवर गेली, मग बंद करून रेलच्या दोन आणि तीन नंबरच्या होज आणि कपलर (वायरचे जोड) दोन्ही आपसात बदलले (हे फक्त रेलच्या पुढच्या रबरी होजपुरतं, बाटलीकडून येणाऱ्या स्टीलच्या पाइपला हात लावू नका, त्यात २०० बारपर्यंत प्रेशर असतं). कॉक उघडला, गाडी गॅसवर घेतली, दहा मिनिटांत कोड पी ०३०२. चोर सापडला. तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्याला गेला आणि आजारपण सोबत घेऊन गेला.

फिटरकडे इंजेक्टर उघडला तेव्हा आत काळपट तपकिरी चिकटा, बोटांत धरून ताणला तर एकतारी पाकासारखी तार सुटत होती. हे पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल, गॅससोबत थोडं थोडं येतं. ते अडवायला रिड्यूसर आणि रेलच्या मध्ये छोटा फिल्टर असतो. तो उघडला तर आतला कागद डांबरासारखा. चढावर गाडी का मरायची तेही तिथंच कळलं, जास्त गॅस मागितला की फिल्टरमधून येईना, प्रेशर पडायचं आणि किट आपणहून पेट्रोलवर उडी मारायचं. मी विचारलं, "तीनदा आलो, हा एकदा तरी उघडायचा ना?" तो म्हणाला, "फिल्टर वर्षाने बदलतात दादा." २५० रुपयांचा फिल्टर.

इंजेक्टर एकटा बदलला तर बाकीच्या तिघांशी जुळत नाही म्हणून अख्खी रेल घेतली, ३२०० रुपये. आणि घेतल्यावर गाडी अजून बिघडली! पिकअप मेला, ट्रिम -२२. कारण उघड आहे, चिकटलेल्या इंजेक्टरसाठी फुगवलेला मॅप आता धडधाकट इंजेक्टरला मिळत होता. इथं मी घाबरून रेल परत करायला निघालो होतो, खोटं कशाला सांगू. मग फिटरने मॅप पुसून पहिल्यापासून केला, आधी गरम इंजिनवर ऑटो कॅलिब्रेशन, मग मी चालवतोय आणि तो शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, माझ्या फोनवर ट्रिम बघत. नवले पुलापासून कात्रजपर्यंत दोन फेऱ्या. ट्रिम ±५ च्या आत आली तेव्हा तोच म्हणाला, "हे स्कॅनर कुठनं घेतलं?"

त्याला सहा महिने झाले. फिल्टर आता वर्षाची वाट न बघता बदलतो, उघडून बघतो आणि दरवेळी काळाच निघतो. आठवड्यातून एक दिवस पेट्रोलवर चालवतो म्हणजे टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही आणि त्या बहाण्याने ट्रिमही तपासून होते. ॲव्हरेज २३. खंबाटकी तिसऱ्यात एसी बंद करून आरामात चढते, एसी लावून चढते पण मन मारून, पेट्रोलएवढी ताकद गॅसवर नाहीच.

घेणाऱ्यांनी एक करा. किट बसवायच्या आधल्या दिवशी पेट्रोलवरच्या ट्रिमचा फोटो काढून ठेवा, मी काढला असता तर दोन महिने वाचले असते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गॅस किती उरलाय ते दाखवणारे चार हिरवे दिवे, अर्धी बाटली संपेपर्यंत चारही पेटलेले आणि मग एकदम लाल. पंपावरचा पोरगा विचारतो किती टाकू, मी म्हणतो बसेल तेवढा.